नळी कुणी घालवली

आमच्या नेमबाजीच्या रेंजवर सल्ला देणाऱ्यांची वानवा नाही. स्वतःची गोळी कुठेही जावो, दुसऱ्याची मधोमध का लागली नाही, हे इथे प्रत्येकाला ठाऊक असतं. एक जण चष्म्याबद्दल बोलतो, एक जण बुटांबद्दल. निवृत्तीनंतर या खेळात शिरलेले एक गृहस्थ तर प्राणायामाखेरीज बोलतच नाहीत. त्यांच्या गोळ्यांची भोकं बरेचदा शेजारच्याच्या टार्गेटवर सापडतात. इतकी वर्षं या मंडळींचं ऐकतेय, पण उपयोगी वाक्य एकही कानावर आलेलं नाही.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे. रायफल माझी, परवानाही माझ्या नावावर. पॉइंट टू टूची, म्हणजे बारक्या गोळीची जुनी रायफल, एका वेळी एकच गोळी घेणारी. खालची दांडी ओढली की मागचा पोलादी ठोकळा खाली सरकतो. गोळी बोटाने आत ढकलायची, दांडी वर घ्यायची, की झाली तयार. त्या ठोकळ्यामुळे मागून सळई घालता येत नाही, म्हणून नळी पुढून, तोंडाकडून साफ करावी लागते. ती मी रोज करत असे. पोलादी सळईला चिंधी गुंडाळायची आणि चिंधी पांढरीशुभ्र निघेपर्यंत थांबायचं नाही. बाकीचे लोक रायफल तशीच पेटीत कोंबून चहाला पळत. त्यांच्याबद्दल माझं मत काय होतं ते त्यांना चांगलं माहीत होतं, कारण मी ते बोलून दाखवत असे.

याच रायफलवर माझी मुलगी शिकली. ती माझ्याहून सरस होती. हे मी तिला कधी सांगितलं नाही. उगाच डोक्यात हवा जाते. ती एकोणीस वर्षांची असताना राज्याची निवड चाचणी आली; त्या आठवड्यापुरती नळीची सफाई मी तिच्यावर सोपवली होती. चाचणीत तिच्या गोळ्या फाकायला लागल्या. एक वर, एक खाली, एक भलतीकडेच. निवड हुकली. सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "गलथान कुठली! नळी साफ न करता ठेवलीस. वाट लावलीस माझ्या रायफलची." ती काही बोलली नाही. रायफल पेटीत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि त्यानंतर चौदा वर्षं रेंजवर पाऊल ठेवलं नाही.

यंदा उन्हाळ्यात तिचा फोन आला. "आई, रायफल आहे ना अजून? मला परत सुरू करावंसं वाटतंय."

"आहे की. तू बिघडवलीस तशीच आहे."

ती म्हणाली, "मग राहू दे."

फोन ठेवला आणि माझा मलाच राग आला. ती दुसऱ्यांदा विचारणारी नाही. तेवढं वळण माझंच आहे. तिला परत आणायचं तर नळी बदलून घेणं एवढंच माझ्या हातात होतं. दुसऱ्या दिवशी पेटी आणि परवाना घेऊन मी कसबा पेठेत गेले.

तिथे बोळाच्या टोकाला एका खोलीत बंदुका दुरुस्त करणारे परवानाधारक कारागीर बसतात. गृहस्थ साठीचे. या बसा नाही, पाणी नाही. नळी उजेडाकडे धरून त्यांनी एक डोळा मिटला. मग नळीच्या तोंडाला भिंग लावून कितीतरी वेळ बघत राहिले.

"साफ कोण करतं?"

"मी," मी ताठ मानेने म्हणाले. "रोज."

"पोलादी सळईने?"

"अर्थात."

"बाई, देव्हाऱ्यात पितळी बाळकृष्ण आहे का तुमच्या?"

"आहे."

"नाक राहिलंय का त्याला?"

राहिलं नव्हतं. लग्न झाल्यापासून मी त्याला चिंच लावून घासतेय.

"असल्या बारक्या गोळीने नळी मरत नाही," ते म्हणाले. "शिसं मऊ असतं. ही तुमच्या सळईने मेलीय. तोंडाशी आतल्या खाचा एका अंगाने झिजून सपाट झाल्यात. गोळी सुटताना शेवटचा आधार तिथेच मिळतो. तोच तिरका झाला, तर गोळी सरळ जायची कशी?"

घर्षण. हा धडा मी सातवीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना शिकवला. न येणाऱ्यांना अंगठे धरून उभं केलं. असल्या बाईला शाळेने निरोप समारंभात शाल दिली, याचं त्या खोलीत मला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं.

नव्या नळीच्या कागदपत्रांत पावसाळा गेला. मग त्यांनी ती लेथवर चढवली. मी दर आठवड्याला जाऊन बसायचे. लक्ष ठेवायला म्हणून जायचे, पण खरं तर घरी बसवत नव्हतं. नळी ठोकळ्याच्या घरात घट्ट बसल्यावर त्यांनी लाकडी दस्ता आतून खरवडला आणि नळी व लाकूड यांच्यामधून कॅलेंडरचं पान सरकवून पाहिलं. ते मध्येच अडलं. पुन्हा खरवडलं. लाकूड दमट हवेत फुगतं आणि नळीला ढकलतं, म्हणून दोघांचा स्पर्शच नको, असं त्यांचं म्हणणं. शेवटी, वाकते म्हणून मागूनही टाकता येणारी, टोकाला चिंधी बांधलेली एक दोरी त्यांनी मला दिली. "सळई इथे ठेवून जा," म्हणाले. मी निमूट ठेवली.

मुलीला फोन केला. "नळी बदललीय. रविवारी ये." यापलीकडे बोलता आलं नाही.

ती आली. पालथी झोपून तिने दस्ता गालाशी घेतला. चौदा वर्षं मध्ये गेली आहेत असं कुणी म्हटलं नसतं. पाच गोळ्या मारल्या, आणि टार्गेटवर एकच फाटकं भोक दिसलं.

"नवी नळी आहे हो," प्राणायामवाले म्हणाले. "कुणीही मारेल."

"मग तुम्हीच का नाही मारून दाखवत?" मी म्हणाले. पण तेवढ्यावर थांबण्यात अर्थ नव्हता. तिला बोल लावला तेव्हा यातले बरेच जण हजर होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि जुनी नळी हिने नव्हती बिघडवली. मी घासून घासून घालवली."

मुलीने रायफलवरून डोकं उचललं नाही. हळूच म्हणाली, "मी सांगितलं होतं तुला, साफ केलीय म्हणून. तू लगेच सळई घालून बघितलीस. चिंधी पांढरी निघाली, आई."

"निघाली," मी म्हणाले.

तिने दांडी ओढली आणि पुढची गोळी भरली.

हे मी विसरले नव्हते. एवढी वर्षं ते माझ्यापाशी होतं, आणि तरी वर लिहिताना ती काही बोलली नाही असंच मी लिहून गेले. ती बोलली होती. ती स्वच्छ चिंधी हातात धरूनच मी तिला गलथान म्हणाले, कारण चिंधी खरी मानली असती तर चूक कुणाची हे मला शोधावं लागलं असतं.