गुणाचं लेकरू

विंचूरच्या पलीकडच्या वस्तीवर यशोदाबाईच्या पायांवर न्हालं नाही असं पोरगं शोधून सापडायचं नाही. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, लेकरू नडग्यांवर पालथं घालायचं, तेल जिरवायचं आणि वरून कढत पाणी सोडायचं. तीस वर्षं तिचं हेच काम. पाणी पडलं की लेकरू असा टाहो फोडायचं, की रस्त्यावरचा ट्रॅक्टरवाला मान वळवून बघायचा.

मंगलाबाईची नात चैताली पहिले दोन महिने अशीच बोंबलली. तिसऱ्या महिन्यात मात्र तिचं रडणं थांबलं. पाणी ओता, डोळ्यात साबण जाऊ द्या, पोरगी नुसती वर बघायची.

"शहाणी झाली गं," यशोदाबाई म्हणाली. "लय गुणाची हाय."

तिचा शब्द वस्तीत चालायचा. मंगलाबाई दारोदार सांगत सुटली, "टाकली तिथं पडून ऱ्हाती. झोळीला हात लावाया लागत नाय."

पोरीची आई, संध्या, भाकरी थापायची, धुणं धुवायची, कांदा निवडायला जायची. पोरीला पाजायची तेही तोंड भिंतीकडं करून. एकदा यशोदाबाई पोरीची टाळू भरत असताना संध्या हळूच म्हणाली, "मावशी, हिला घ्यावंसंच वाटत नाय मला. कुणीतरी आपलं लेकरू ठिवून गेल्यावानी वाटतं."

"पहिलटकरणीला व्हतं असं. ओवा खा, शेक घे. एवढं गुणाचं लेकरू पदरात पडलंय, आजून काय पायजे तुला?"

त्यानंतर संध्या तिच्याशी त्या विषयावर कधी बोलली नाही.

चैताली दोन वर्षांची झाली. उशिरा चालली. हाक मारली तर वळायची नाही, आणि तोंडातून शब्द नाही. अंगणवाडीच्या सविताताईनं कान तपासायला नाशिकला न्यायचं ठरवलं. मंगलाबाईचे गुडघे धरलेले, म्हणून संध्याबरोबर यशोदाबाई गेली.

कान चांगले निघाले. डॉक्टरीणबाईंनी मग पोरीला सोडून आईकडंच बघायला सुरुवात केली. जेवण जातं का, झोप लागते का. संध्या फरशीकडं बघून हो-नाही म्हणत होती.

"ही रडायची कधी थांबली?" बाईंनी विचारलं.

संध्याला सांगता येईना. यशोदाबाईला महिना पाठ होता. "तिसऱ्या महिन्यात," ती म्हणाली. "मीच तिला गुणाची म्हणले."

बाई रागावल्या नाहीत, तेच तिला जड गेलं. त्यांनी सांगितलं, आईला मनाचा आजार आहे, बाळंतपणापासूनचा. लेकरू रडलं, कुणी ओ दिली नाही, म्हणून त्यानं हाक मारणंच सोडलं. आई गोळ्यांनी सावरेल. पोरीशी दिवसभर बोला, खेळा. पण मागं पडलेलं किती भरून निघेल, ते आज सांगता येणार नाही.

घरी मंगलाबाईनं गोळ्या उलटसुलट करून बघितल्या. "कान पोरीचे, आन् गोळ्या आईनं खायाच्या? हे कुठलं डागतर म्हणायचं?"

"खाऊ दे. मी रोज येऊन देते," यशोदाबाई म्हणाली.

ती रोज यायला लागली. संध्याला गोळी द्यायची, मग दोन वर्षांच्या त्या पोरीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची. नाकाला नाक म्हणायची, कानाला कान, पाण्याला पाणी, घसा बसेपर्यंत.

"एवढी घोडी झाली, आता काय पायावर घेती?" मंगलाबाई हसायची.

"माझं ऱ्हायलंय थोडं."

दीड महिना गेला. एके सकाळी साबणाचा फेस पोरीच्या डोळ्यात गेला. तिनं डोळे गच्च मिटले. रडली नाही. यशोदाबाईनं मुद्दाम तांब्या खाली ठेवला आणि वाट बघत बसली.

दारातून संध्या उठून आली. पदराचं टोक ओलं केलं आणि पोरीच्या डोळ्यांशी नेलं. पोरीनं झटक्यानं मान फिरवली आणि यशोदाबाईच्या मांडीत तोंड खुपसलं.

संध्याचा हात तसाच वर राहिला. मग ती परत दाराशी जाऊन बसली.

यशोदाबाईनं पोरीचं तोंड धुतलं. संध्याकडं न बघता म्हणाली, "उद्या परत पूस."