मुकादमाच्या ताटातला कोंडा

कल्याणहून आलेले भात बायकांनी ठाण्याच्या वखारीत उखळात सडायचे, पांढरा तांदूळ शेटला द्यायचा आणि कणी-कोंडा घरी न्यायचा, हा १८८५च्या सुमाराचा रिवाज. कोपरीची तुळसा त्यावर खूश असे. कण्यांच्या पिठात कोंडा मिसळून ती भाकरी थापी. सासू ठमाबाईपासून पोरांपर्यंत सगळे खात.

त्या पावसाळ्याच्या तोंडाशी तिचा नवरा राघो याला मिठागराच्या मालकाने येत्या हंगामासाठी मुकादम नेमले. राघोने नवस फेडायला मासळी आणि ताडी सोडली. तुळसाने त्याच्यासाठी घरच्या शेतातले भात तीनदा सडले आणि पाणी निवळेपर्यंत धुतले. मुकादमाला कोंडा वाढणे तिला कमीपणाचे वाटले. त्याच्या ताटात पांढरा भात आणि आमसुलाचे सार, एवढेच.

नवरात्रात राघोची पावले बधिर झाली. पोटऱ्या दुखत, चार पावले टाकली की गुडघे लटपटत. दिवाळीनंतर मिठागराचे बांध फिरून पाहायचे होते. ते जमले नाही तर मुकादमकी दुसऱ्याला जाणार होती.

तो ओटीवर बसून राहिला. ठमाबाई चिडली.

"बसून खानाऱ्याला वेगला भात नाय. सगल्यांची कोंड्याची भाकर तीच तुजी."

"आये, ढोरांचा कोंडा मुकादमाला?" राघो म्हणाला.

"ढोरां चालतात तरी!"

तुळसाला हसू आवरेना. शिक्षा म्हणून सुरू झालेली भाकरी राघोने आधी तोंड वाकडे करून खाल्ली, मग मागून घेतली. दिवाळीपर्यंत पायांत जीव आला. पायाच्या अंगठ्याला पुन्हा गारठा जाणवला तेव्हा त्याने तुळसाला हाक मारून सांगितले.

तांदळाच्या कोंड्यात ब-१ जीवनसत्त्व असते आणि ते नसले की नसा दुबळ्या होतात, हे पुढच्या शतकात कळले. कोपरीत तेव्हा एकच निदान होते: आईचे बोलणे झोंबले.

हंगामाच्या पहिल्या दिवशी राघो बांधावरून खाडीपर्यंत गेला आणि स्वतःच्या पायांनी परत आला. जेवताना तो म्हणाला, "आता मंग पांढरा भात वाढ."

"मुसल जड झालाय," तुळसा म्हणाली. "एकदाच सडीन."

तिने भाकरी वाढली. ठमाबाई आपल्या जिभेचे कौतुक सांगत होती. राघोने दुसरी भाकरी मागितली.