आबांच्या नावावरचा परिच्छेद

सांगोल्याकडचे सिद्धनाथआबा मेंढरं राखण्यात म्हातारे झाले, पण परकी मेंढी आपल्या कळपात त्यांना कधी खपली नाही. ज्याच्या त्याच्या मेंढरांवर ज्याची त्याची गेरूची खूण असते. बिनखुणेची एखादी चुकून आली, तर दुसरा कुणी गुपचूप गेरू फासून मोकळा झाला असता. आबा मात्र तिला घेऊन वस्तीवस्तीवर विचारत हिंडायचे. बायको वैतागायची, भाऊबंद हसायचे. आबांना त्याचं काही नसे.

अशा माणसाची लेक, सोनाली, सोलापुरात एम.ए.चा प्रबंध लिहायला बसली, तोही मेंढपाळांवर. एका प्रकरणात गाडी अडली. तिनं मोबाइलवर एआयला विचारलं आणि त्यानं झकास परिच्छेद लिहून दिला. पण खाली संदर्भ कुणाचा द्यायचा? एआयचं नाव पाहून मॅडम भडकतील, या भीतीनं पोरीनं सरळ लिहून टाकलं, ‘मुलाखत: सिद्धनाथआबा’. वर तिला वाटलं, बापाचा मानच वाढवला!

मान असा वाढला, की मार्गदर्शक वच्छला मॅडमनी आबांना कॉलेजात बोलावून घेतलं. एवढं सुंदर बोलणारा माणूस त्यांना बघायचा होता. आबा पटका बांधून आले. मॅडमनी कौतुकानं वाचून दाखवलं, ‘ऋतुमानानुसार होणारे स्थलांतर म्हणजे पर्यावरणाशी साधलेले सामूहिक अनुकूलन होय.’

सोनाली शेजारीच बसली होती. आबा नुसतं ‘व्हय’ म्हणाले तरी ती सुटणार होती. नाही म्हणाले तर प्रबंधासकट वर्ष पाण्यात.

आबांनी लेकीच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहिलं.

“लई ग्वाड हाय, बाई,” ते म्हणाले, “पन ह्ये माझं न्हाय. ह्येच्यावर माझी खूण कुणी लावली?”

सोनालीनं रडत रडत सगळं सांगितलं. मॅडम चिडल्या, चांगल्याच चिडल्या. मग म्हणाल्या, “एआयला विचारलंस तर तसं लिही. कोणत्या एआयला, कधी, काय विचारलंस, सगळं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याचं बोलणं बापाच्या तोंडी घातलंस, त्याची लाज वाटू दे.” प्रबंध दुरुस्त करायला त्यांनी मुदत दिली आणि आबांकडे वळल्या. “आता तुम्हीच सांगा. मेंढरं घेऊन दरवर्षी त्याच वाटेनं का जाता?”

“माझा बा जायचा, म्हून मी जातो. फुडचं मला ठावं न्हाय.”

सोनालीनं दोन्ही उत्तरं प्रबंधात ठेवली, एआयचं एआयच्या नावावर, आबांचं आबांच्या. ती पास झाली, पुढं मास्तरीण झाली. आबा त्या दिवशी मायेपोटी खोटं बोलले असते, तर आपण जन्मभर दुसऱ्याच्या नावाआड लपत राहिलो असतो, हे आठवलं की आजही तिला त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

बांधलेला प्रबंध घेऊन ती घरी गेली, तेव्हा आबांनी स्वतःची ती ओळ तिला दोनदा वाचायला लावली.

“व्हय,” ते म्हणाले, “ही आपली हाय.”