नावाच्या रकान्यात

ह्यांच्या साठीला दाखवायला मुलगी घरच्या कॉम्प्युटरवर फोटो शोधत होती. फोटोंच्या ॲपमध्ये तिने बाबांचं नाव टाकलं, तर एकही फोटो येईना. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, तरी तेच.

“यार आई, सगळे उडाले! संध्याकाळी पाहुण्यांना काय दाखवू?” ती रडवेली झाली.

मागे ॲपने ह्यांचा चेहरा दाखवून ‘हे कोण?’ असं विचारलं होतं, तेव्हा उत्तर मीच लिहिलं होतं. शेवटी हळूच म्हटलं, “‘अहो’ टाकून बघ.”

लग्नापासूनचे सगळे फोटो भराभर आले.

हे हसून म्हणाले, “अगं, कॉम्प्युटरसमोर तरी नाव घ्यायचंस!”

मी स्वयंपाकघरात पळाले. रकान्यात अजून ‘अहो’च आहे.