ढोलाशिवायचा सूर

संघपालने पंचवीस वर्षं क्लॅरोनेट फुंकून अकोल्यातल्या वराती नाचवल्या. त्याची अकरा वर्षांची करिश्मा तर एकदा ऐकलेलं गाणं लगेच वाजवून मोकळी व्हायची. बापाला पोरीचं कोण कौतुक! दूधवाला आला तरी त्याला तिचं एक गाणं ऐकवल्याशिवाय हा सोडत नसे. त्या बिचाऱ्याला आणखी घरं आहेत, हे याच्या गावीही नसे.

त्याच कौतुकात तो तिला अमरावतीला हसनैनमास्तरांकडे घेऊन गेला. मास्तर पोलीस बँडातून निवृत्त झालेले. त्यांनी दोन गाणी शांतपणे ऐकली.

"कान तर लाजवाब हाय पोरीचा, पण फुंक कच्ची," ते म्हणाले. "दोन महिने गाणं बंद. रोज सकाळी एकच सूर, वीस मोजेपर्यंत, न हलता. जमलं तरच शिकवीन."

चौथ्याच दिवशी करिश्माने क्लॅरोनेट खाटेखाली सरकवलं. "मले नाई शिकाचं."

"काहून?"

"एकच सूर काय वाजवाचा? तुमी केलं होतं काय कधी?"

संघपालने केलं नव्हतंच. तावातावाने त्याने क्लॅरोनेट ओढलं आणि "हे पाय" म्हणून सूर धरला. सातला सूर डगमगला, नऊला फाटला. इतक्या वर्षांत त्याला आपला सूर एकटा असा ऐकूच आला नव्हता. मागे कायम ढोल असायचा.

पोरीसमोर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्लॅरोनेटच्या तोंडाची पत्ती जुनी झाली, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. पण तो म्हणाला, "माही बी फुंक कच्चीच हाय, बेटा. वरातीत ढोल झाकून घेते. तुयं कोणाले झाकाचं काम पडू नये, एवढंच मले वाटते."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो एकटाच ओसरीवर बसला. सूर पुन्हा नऊला फाटला. डोळे चोळत करिश्मा आली, शेजारी बसली आणि बोटांवर मोजू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "द्या इकडं."

तेव्हापासून दोघं आळीपाळीने सूर धरू लागले. महिन्याने ती सोळावर गेली. हा बारावरच अडकला.

"माहं वय झालं आता," म्हणत एका सकाळी तो उठला.

"बसा खाली," करिश्मा म्हणाली. "वीस झाले नाई."

आपण अकरा वर्षांचे असताना असं दटावून बसवणारं कोणी असतं तर, एवढंच त्याच्या मनात आलं. मग त्याने डोळे पुसले, खाली बसला आणि पुन्हा सूर धरला.