शनीला तेल, शाफ्टला हार

बोट विकायची की ठेवायची, याचा निकाल लावायला मी आणि माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, शनिवारी सकाळी कोपरगावहून निघालो. दोघांत मिळून घेतलेली आमची छोटी शिडाची बोट राहुरीजवळच्या मुळा धरणावर असते. वारा पडला की इंजिन लावावं लागतं, आणि दिवाळीपासून इंजिन लावलं की बोट हिवताप भरल्यासारखी थरथरते. दादा साखर कारखान्यातला निवृत्त फोरमन. "आता थरथर न्हाई थांबली तर सोमवारी गिऱ्हाईकाला देऊन टाकू," असं त्यानं जाहीर केलं होतं. शीड उभारायला मी चाळिशीत शिकले आणि तेवढं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

नगर-मनमाड रस्त्याबद्दल एवढंच सांगते, पाठीला उशी घ्या. राहात्याला पेरू घ्या आणि मीठ-तिखट मागून घ्या. राहुरीला दादानं गाडी धरणाऐवजी शिंगणापूरकडे वळवली.

"बोटीला शनी लागलाय, सुमे. आदी तेल वाहू."

"शनी यंत्राला कसा लागेल रे?"

"कालेजात शिकवतीस म्हून सगळं कळतं व्हय तुला?"

तेल वाहिलं. (घेण्याआधी भाव विचारा.)

धरणावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. बोट काठाला बांधलेली ठेवून गिअर न टाकता इंजिन नुसतं चालवलं तर बोट स्थिर. म्हणजे इंजिन बरं. गिअर टाकताच थरथर, जोर दिला तशी जास्त. मग इंजिन बंद करून शिडावर निघालो. पाण्याच्या ओढीनं बोटीखालचा, तिला पुढे ढकलणारा पंखा आपोआप फिरत होता आणि तळातून तीच खडखड येत होती. इंजिन बंद असताना! दोष शाफ्टकडेच, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याकडेच होता.

काठाला परत येऊन दादानं चुकून इंजिन चालू करू नये म्हणून चावी ओढणीला बांधली आणि मी छातीभर पाण्यात उतरले. पंखा धरून वर-खाली हलवला तर खुळखुळ्यासारखा हलला. शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथला, त्याला पेलणारा रबरी बुश झिजला होता. बुश आणि पंखा यांच्यामध्ये काहीतरी आवळून गुंडाळलेलं लागलं. सुरीनं कापून वर आणलं. नायलॉनचा दोरा, आणि टोकाला सोनेरी जरीचा गोंडा.

दादानं गोंडा लगेच ओळखला. दसऱ्याला कारखान्यात प्रत्येक यंत्राला हार घालायचा, ही त्याची जन्माची सवय. बोट तेव्हा काठावर ओढलेली होती, म्हणून त्यानं भक्तिभावानं थेट पंख्यालाच हार घातला आणि दिवाळीला बोट तशीच पाण्यात लोटली.

"अरे, काढायचा नाही का?"

"पूजेचा हार कुनी आपल्या हातानं काडतं व्हय?"

मी ओल्या कपड्यांनिशी काठावर बसून पोट दुखेस्तोवर हसले. शाफ्टवर नुसता घासल्याचा डाग होता, नख अडकेल असा चरा नव्हता. म्हणजे हाराच्या दोऱ्यानं खाल्ला तो फक्त बुश; तो बदलला की झालं. परतताना राहुरीत मिसळ खाल्ली, पण दादाचं तिखटाकडेसुद्धा लक्ष नव्हतं.

सोमवारी घरी त्यानं माझ्यासमोर गिऱ्हाईकाला फोन लावला. आवाज स्पीकरवर होता.

"बोट द्यायची न्हाई आता. शनी लागल्ता तिला, गेला उतरून."

"बोटीला? कसला शनी, फोरमनसाहेब?"

दादानं माझ्याकडे बघितलं. "मीच की," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी उठून चहा टाकला, त्याच्या कपात साखर जरा जास्तच घातली.