तीन दाढांची झीज

शहरातले दंतवैद्य तिला कवळीताई म्हणतात. चाळीस वर्षं ती एका अरुंद खोलीत दिव्याखाली वाकून लोकांचे दात घडवते आहे. जुनी कवळी हातात आली, की ती वापरणारा कुठल्या बाजूने चावतो, किती वर्षं जेवला, हे ती माणूस न पाहता सांगते.

धाकटा भाऊ लढाऊ विमान चालवायचा. मोटारसायकलवरून पडून त्याच्या खालच्या तीन दाढा गेल्या, तेव्हा कवळी तिनेच केली. "ताई, पकडलो गेलो तर हीच काढून दाखवीन. घाबरून सोडून देतील," तो म्हणाला. आठवड्याभरात युद्ध पेटलं आणि त्याचं विमान सीमेपलीकडे पडलं. तो जिवंत सापडल्याचं शत्रूच्या रेडिओने एकदाच सांगितलं. पुढे त्यांनी कानांवर हात ठेवले.

आई रोज रेडिओपाशी बसे, कैद्यांच्या छावणीला पत्रं लिही. दोन वर्षांनी ताईने रेडिओ कुणाला तरी देऊन टाकला. "किती दिवस स्वतःला फसवणार आहेस? तो गेला, आई." पत्रंही थांबली. शेजाऱ्यांनी ताईला शहाणी म्हटलं.

सत्तावीस वर्षांनी एक अधिकारी लाकडी पेटी घेऊन आला. आत थोडी हाडं आणि कवळी. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं: पकडल्याच्या दिवशीच जखमांमुळे मृत्यू.

"ओळख पटते?"

आतल्या बाजूला तिने कोरलेला आकडा होता. पटली. पण दाढांचे उंचवटे घासून सपाट झाले होते. मोडलेली कवळी कुणीतरी तारेने सांधली होती, आणि ती तारही झिजली होती. बारा वर्षांची झीज, कदाचित पंधरा. तिने सही केली.

आईची नजर तोवर पार गेली होती. "हाल नाही ना झाले गं त्याचे?"

"त्याच दिवशी गेला. कवळी नवीकोरी आहे अजून."

"आण इकडे."

आईने दाढांवरून अंगठा फिरवला. मग स्वतःच्या तोंडातली कवळी काढली आणि तिच्यावरूनही फिरवला.

"ही तूच केलीस, बारा वर्षांपूर्वी," ती बोळक्या तोंडाने म्हणाली. "त्याची जास्त घासलीय. तू पत्रं बंद केलीस, तेव्हा तो जेवत होता."

आई पुढे तीन वर्षं जगली. आपली कवळी तिने परत घातली नाही. नवीच्या मापासाठी ताईने तोंड उघडायला सांगितलं, की ओठ घट्ट मिटून घेई.